शांत पाण्यातला जीवरक्षक

त्या रविवारी बनाली गावच्या समुद्राला लाटा किती उंच होत्या, याबद्दल नेव्हिल क्रॉफ्टनला आता खात्रीनं काही सांगता येत नाही. त्याच्या आठवणीत त्या दुमजली घराएवढ्या आहेत. त्याची बायको जोसलिन म्हणते, गुडघाभर होत्या. (जोसलिन तेव्हा किनाऱ्यावर सॉसेज भाजत होती आणि तिचं तोंड शेगडीकडे होतं, हे नेव्हिल दर वेळी नम्रपणे नमूद करतो. त्यावर ती म्हणते, "माझं तोंड शेगडीकडे होतं, पण तुझे तर डोळेच मिटलेले होते.") ऐंशीच्या घरातल्या माणसानं तरुणपणीच्या लाटा मापायला जाऊ नये, एवढं शहाणपण त्याला आता आलं आहे. तेव्हा लाटा दीडमजली होत्या असं धरून चालू.

नेव्हिल विद्यापीठात लॅटिन शिकवायचा. लॅटिन मेलेली आहे, म्हणून तर त्यानं ती निवडली. मेलेल्या भाषेत अचानक काही घडत नाही. समुद्राचं तसं नाही. समुद्र सारखा काहीतरी करत असतो, आणि करण्याआधी कुणाला विचारत नाही. शिवाय नेव्हिल मूळचा आतल्या गव्हाच्या मुलखातला. तिथलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे मेंढ्यांचं तळं, आणि त्यातही तो कधी घोट्याच्या वर गेला नव्हता. पोहायला तो शाळेच्या तलावात शिकला होता, तेही मान कासवासारखी वर धरून, कारण काय होतंय ते दिसलं पाहिजे.

पण बनालीत घर घेतल्यावर मुलांना रविवारी किनाऱ्यावर न पाठवणं म्हणजे शेजाऱ्यांनी 'पोरं आजारी आहेत का' म्हणून चौकशीला येणं. तिथे मूल चालायला लागलं की त्याच्या डोक्यावर रंगीत टोपी चढवून, हनुवटीखाली बंद बांधून त्याला किनाऱ्यावरच्या जीवरक्षक क्लबच्या हवाली करतात. पळायचं, वाळूत झेंडे पकडायचे, फळीवर पालथं पडून लाटा कापायच्या, आणि बुडत्याला बाहेर कसं काढायचं ते शिकायचं. आईबापांनीही फुकट हातभार लावायचा, ही तिथली रीत. कुणी फळ्या वाहतं, कुणी कांदा परततं. नेव्हिलची दहा वर्षांची इमोजेन आणि सात वर्षांचा फर्गस, दोघं दर रविवारी तिथे असत, जोसलिन शेगडीपाशी असे, आणि नेव्हिल वर गाडीतळावर, एकुलत्या एका झाडाच्या सावलीत, गाडीचं तोंड डोंगराकडे करून, काचा वर चढवून, वाचत बसलेला असे. कांदा परतायलाही तो कधी उतरला नाही. शेगडीपासून पाणी फार जवळ होतं.

एका रविवारी त्या झाडाखाली आइस्क्रीमची गाडी येऊन उभी राहिली. सगळं रामायण त्या गाडीमुळे घडलं. सावली गेली आणि उन्हात स्वतःच्या गाडीची भट्टी झाली, तेव्हा नेव्हिलनं विचार केला, पाच मिनिटं खाली जाऊन यावं. (असले छोटे विचार आयुष्यात फार जपून करावेत.)

खाली मुलं वाळूत गोल करून बसली होती आणि सगळ्यांचे चेहरे पडलेले होते. त्यांच्यापुढे लॉर्न टंकार्ड उभा होता. टंकार्ड क्लबचा प्रशिक्षक आणि धंद्यानं दंतवैद्य. आठवडाभर लोकांच्या तोंडात हात घातल्यामुळे समोरचा माणूस उत्तर देऊ शकतो, ही कल्पनाच त्याच्या डोक्यातून गेली होती.

"हॅरोल्डची बदली पर्थला झाली," टंकार्ड सांगत होता. "म्हणजे पाण्यात उभं राहायला एक मोठं माणूस कमी. पाच पोरांमागे जीवरक्षकाचं पदक मिळवलेला एक पालक पाण्यात हवा, हा नियम मी केलेला नाही. नवीन कुणी मिळेपर्यंत हा गट वाळूतच खेळेल."

"सगळा हंगाम?" एकीनं विचारलं.

"कुणी मिळालं नाही तर सगळा हंगाम."

तेवढ्यात इमोजेन म्हणाली, "माझे बाबा आहेत की."

चष्मेवाली एक मुलगी वळली. "तुझे बाबा तर गाडीत बसतात. माझी आई म्हणते ते पाण्याला घाबरतात."

"काही घाबरत नाहीत," इमोजेन म्हणाली. "त्यांना मस्त पोहता येतं. त्यांना फक्त वेळ नसतो."

ती हे बोलली तेव्हा नेव्हिल तिच्या मागे चार हातांवर उभा होता. तिला ते माहीत नव्हतं. पोरगी आयुष्यात खोटं बोलत नसे. बिस्किटं फर्गसनं खाल्ली तरी आपण खाल्लेलं एखादं ती कबूल करायची. तिनं हे खोटं आपल्यासाठी, सगळ्या गटासमोर, मान ताठ ठेवून सांगितलं, हे नेव्हिलच्या लक्षात आलं आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

टंकार्डनं वर पाहिलं. "अरे, प्रोफेसर. हाताशीच आहेस. काय म्हणतोस?"

"मला वाटतं, या प्रश्नाच्या दोन बाजू..."

"छान. मंगळवारी तलावावर ये. थोडं झोंबेल, बाकी काही नाही."

इमोजेननं मागे वळून पाहिलं. आपलं खोटं बापानं ऐकलं, हे तिला कळलं. ती लाल झाली, पण नजर खाली घातली नाही. ती नजर म्हणत होती, आता तूच काय ते बघ.

त्या दिवसापासून नेव्हिलची झोप उडाली. माणूस विद्वान असला की भीतीही पद्धतशीर बाळगतो. त्यानं ग्रंथालयातून भरती-ओहोटीवरची, लाटांवरची, आणि (हे त्यानं करायला नको होतं) शार्कवरची पुस्तकं आणली. आठवड्याभरात समुद्रात माणूस कोणकोणत्या प्रकारांनी मरू शकतो, यावर तो व्याख्यान देऊ शकला असता. आणि त्यानं ते दिलंही, रोज जेवताना.

"सगळ्यात वाईट म्हणजे परतीची ओढ," तो काटा हवेत धरून सांगे. "लाटांनी आणलेलं पाणी परत जायला वाट शोधतं. त्या वाटेवर लाटा फुटत नाहीत. पाणी शांत दिसतं, जरा गडद. अडाणी माणूस म्हणतो, वा, इथे बरं आहे. तिथे उतरतो, आणि ओढ त्याला थेट आत घेऊन जाते."

"बाबा, वाटाणे गार होतायत," फर्गस म्हणे.

फर्गस त्याचा घरचा गुरू झाला. न्हाणीघरात टबमध्ये पाणी भरून नेव्हिलला त्यात तोंड घालायला लावायचं आणि बाहेर बसून मोठ्यानं आकडे मोजायचे, हा त्याचा आवडता खेळ.

"बाबा, तू चारलाच वर आलास."

"माझ्या नाकात पाणी गेलं."

"नाकात जाणारच. नाक पाण्यात आहे ना तुझं."

बुडत्याला ओढून आणण्याचा सराव त्यानं जोसलिनवर केला. स्वयंपाकघरातली फरशी नुकतीच पुसून ओली होती, म्हणजे परिस्थिती वास्तवाच्या जवळची. जोसलिनला पाठीवर झोपवून, तिच्या काखेतून गाऊनचा पट्टा घालून तो तिला फ्रिजपासून दारापर्यंत ओढत नेत होता आणि पुस्तकात सांगितल्याप्रमाणे धीराचे शब्द बोलत होता. "घाबरू नका. मी जीवरक्षक आहे. तुम्ही सुरक्षित हातांत आहात."

"नेव्हिल, ओव्हनमध्ये कोकराची तंगडी जळतेय."

"बुडणाऱ्यानं बोलू नये."

"बुडणारीनं ती तंगडी सकाळपासून मुरवली होती."

वास चांगलाच दाटला तेव्हा त्यानं तिला सोडलं, तेही घाईत, आणि तिचं डोकं टेबलाच्या पायावर आपटलं. त्या रात्री सगळ्यांनी टोस्ट खाल्ले. कपाळाला बर्फ लावून जोसलिन शांतपणे म्हणाली, "समुद्रात कुणाला वाचवायची वेळ आली ना, तर आधी त्याला विचार. काही लोकांना बुडणं परवडतं."

पदकाच्या परीक्षेत तो दोनदा नापास झाला. पहिल्यांदा तलावात अर्ध्यातच पायऱ्यांना जाऊन चिकटला आणि टंकार्डनं बोटं एकेक करून सोडवली. दुसऱ्यांदा समुद्रात पोहून बाहेर आल्यावर ठरल्याप्रमाणे पुढे पळण्याऐवजी तो थेट गाडीतळाकडे पळाला. तिसऱ्यांदा मात्र पास झाला. कसा, ते त्याला सांगता येत नाही. त्याचं म्हणणं, घोट्याला काहीतरी घासून गेलं आणि मग ठरल्या वेळेत पोहून येण्याचा प्रश्नच उरला नाही. लेखी परीक्षेत त्यानं परतीच्या ओढीवर सात पानं लिहिली होती. टंकार्डनं ती तपासली नाहीत. म्हणाला, "इतक्या माहितीनं माणूस नुसता वजनानंच बुडेल."

पदक घरी आलं तेव्हा इमोजेननं ते हातात घेतलं, उलटंपालटं केलं आणि आपल्या टोपीशेजारी खुंटीवर टांगलं. नेव्हिलला वाटलं, इथे थांबता आलं तर किती बरं होईल. पण पदक खुंटीवर टांगून गट पाण्यात जात नाही.

मग तो रविवार उगवला. लाल-पिवळी टोपी नेव्हिलनं हनुवटीखाली इतकी घट्ट बांधली की गाल वर आले, आणि आरशात त्याला एक थोराड, अतिशय भेदरलेलं तान्हं बाळ दिसलं. नाकाला पांढरं मलम. अंगात बनियन, खाली क्लबची चड्डी, जिच्याबद्दल कमी बोललेलं बरं. बगलेत ती लांबट तांबडी फुगीर नळी, जी बुडत्याला द्यायची असते आणि जी तो घर सोडल्यापासून कवटाळून होता.

"काम सोपं आहे," टंकार्ड म्हणाला. "छातीभर पाण्यात उभा राहा. पोरं फळ्या घेऊन तुला वळसा घालून परत येतील. तू म्हणजे वळणावरचा खांब. किनाऱ्यावर एक खूण धर, त्या खुणेसमोरून हलू नकोस. कुणी हात सरळ वर केला तर त्याला मदत हवीय, एवढं लक्षात ठेव. कळलं?"

"लाटा जरा..."

"छान."

नेव्हिल जीव मुठीत धरून पाण्यात शिरला. पहिली लाट त्याच्या पोटावर आपटली, दुसरी तोंडावर, तिसरी डोक्यावरून गेली. (दीडमजली, हे आपलं ठरलं आहे.) मागे वळून त्यानं खूण शोधली. वर रस्त्यावर आइस्क्रीमची पांढरी गाडी उभी होती, मोठी, ठळक, चुकणं अशक्य. त्यानं ती खूण धरली. गाडी आहे म्हणजे तिला चाकंही आहेत, हा विचार लॅटिनच्या प्राध्यापकाच्या मनात यायला हवा होता. आला नाही. गिऱ्हाइकं पुढे सरकतील तशी गाडी हळूहळू दक्षिणेकडे सरकत होती, आणि नेव्हिलही प्रामाणिकपणे तिच्यासमोर राहत होता.

पोरांचा पहिला वळसा झाला तेव्हा इमोजेन फळीवरून ओरडून गेली, "बाबा, इकडे ये, तू लांब चाललायस." नेव्हिलला ऐकू आलं, "बाबा, छान चाललंय." लाटांच्या आवाजात माणसाला हवं तेच ऐकू येतं.

आणि मग, दक्षिणेला थोड्याच अंतरावर, त्याला एक जागा दिसली. दोन्हीकडे लाटा फुटत होत्या, पण मधल्या पट्ट्यात एकही नाही. पाणी शांत. जरा गडद. नेव्हिलच्या डोक्यानं त्यावर सात पानं लिहिली होती. पण त्याचे पाय काही त्या परीक्षेला बसले नव्हते. तोंडावर आणखी एक लाट फुटली, आणि पायांनी परस्पर निर्णय घेतला. वा, इथे बरं आहे.

तिथे खरंच बरं होतं. लाटा नाहीत, आवाज नाही. पाय टेकत नाहीत हे त्याच्या लक्षात आलं तेव्हा त्यानं दोन हात मारले आणि आश्चर्य म्हणजे तो सपाट्यानं पुढे गेला. आणखी चार हात. पाणी त्याला जणू मदत करत होतं. आयुष्यात तो इतक्या वेगानं कधी पोहला नव्हता. त्याला क्षणभर असंही वाटलं की आपल्यात हे आधीपासूनच असावं, फक्त वेळ नव्हता.

मग त्यानं मागे पाहिलं. किनारा बोटाएवढा झाला होता. शेगडीचा धूर दिसत होता, शेगडी दिसत नव्हती. ओरडायला तोंड उघडलं तर त्यात खारट पाणी शिरलं आणि आवाज निघालाच नाही. भीतीवर तो वर्षानुवर्षं बोलत आला होता, पण खरी भीती आली तेव्हा तिला शब्द लागत नाहीत हे त्याला कळलं. तिथे फक्त दोन मुलं आठवतात. आणि एक मूर्ख गोष्ट आठवते, की आज इमोजेन बघतेय.

त्याच क्षणी समोर, तिरक्या बाजूला, त्याला एक पिवळी फुलाफुलांची टोपी दिसली. आणि त्या टोपीशेजारी सरळ वर आलेला एक हात.

मर्ल हॅदरसेज. गावातली सत्तरीची विधवा, रोज सकाळी ठिपक्यासारखी समुद्रात असायची. आज ती संकटात होती. हात वर होता, याहून स्पष्ट काही नाही.

नेव्हिलला पळून जायचं होतं, पण पळायला जमीन नव्हती. तेव्हा तो त्या हाताकडे निघाला. (आपण धैर्यानं निघालो असं त्यानं पुढे अनेकदा सांगितलं. तेव्हा त्याला एवढंच वाटलं होतं की मरायचंच तर सोबत असावी.) तांबडी नळी पुढे ढकलत, मान कासवासारखी वर धरून, धापा टाकत तो तिच्यापर्यंत पोचला.

"घाबरू नका," तो म्हणाला. "मी जीवरक्षक..." आणि पुढचं वाक्य पाण्यात गेलं.

मर्लनं त्याची मानगूट धरून त्याला वर काढलं. "मी नाही घाबरलेले, राजा. तू बरा आहेस ना?"

"तुम्ही सुरक्षित हातांत आहात."

"हो हो. ती नळी मला दे. तसं नाही, घट्ट धर, सोडू नकोस. मी या टोकाला धरते, तू त्या. आता सरळ किनाऱ्याकडे नाही जायचं, आडवं जायचं, तिकडे, लाटा आहेत तिकडे."

"लाटांकडे नको," नेव्हिल म्हणाला. ते त्या दिवसातलं त्याचं सगळ्यात मनापासूनचं वाक्य होतं.

"लाटाच नेतील बाहेर. पाय हलव. कुणी बघतंय का तुझं किनाऱ्यावर?"

"मुलगी."

मर्लनं एकदा किनाऱ्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. "मग तोंड जरा नीट कर. आणि तू पुढे हो, मी मागे राहते."

पुढचं त्याला तुटक आठवतं. एक लाट आली, जग उलटं झालं, कानात गडगडाट, नाकात वाळू. वर-खाली काय ते कळेना. फक्त नळीला मागून कुणीतरी सारखा रेटा देत होतं. मधेच टंकार्ड मोठी फळी घेऊन शेजारी आला. नेव्हिल श्वास घेऊन त्याला म्हणाला, "बाई ठीक आहेत." टंकार्डनं तोंड उघडलं. मर्लनं नको म्हणून मान हलवली. टंकार्डनं तोंड मिटलं आणि त्यांच्या बाजूनं येत राहिला. आयुष्यात पहिल्यांदा त्याचं तोंड दुसऱ्या कुणी बंद केलं होतं.

पायाखाली वाळू लागली तेव्हा नेव्हिल गुडघ्यांवर बसला आणि ती वाळू हातांनी चाचपत राहिला. लोक टाळ्या वाजवत होते. कुणीतरी मर्लच्या अंगावर घोंगडी टाकली. ती निमूट घेऊन बसली आणि विचारणाऱ्याला म्हणाली, "हा आला म्हणून." फर्गस सगळ्यांना सांगत सुटला, "टबमध्ये मी शिकवलं त्यांना." जोसलिन चिमटा हातात घेऊनच धावत आली होती. तिनं नवऱ्याला नखशिखांत पाहिलं, मग त्याच्या बनियनमध्ये तोंड खुपसून बराच वेळ उभी राहिली, आणि तिकडे सॉसेज जळले.

इमोजेन फळी ओढत सगळ्यात शेवटी आली. चष्मेवाली मुलगी जवळच होती. इमोजेननं तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. बापाचा ओला हात हातात घेऊन ती हळूच म्हणाली, "मी खोटं नव्हते बोलले."

"नाही," नेव्हिल म्हणाला. "वेळ नव्हता, एवढंच."

गटाला पूर्ण हंगाम मिळाला. नेव्हिल पुढे सलग अकरा हंगाम पाण्यात उभा राहिला. भीती गेली नाही. ती दर रविवारी त्याच्याबरोबर पाण्यात यायची, फक्त दोघांची ओळख झाली होती. गाडी मात्र त्यानं पुन्हा कधी डोंगराकडे तोंड करून लावली नाही. आणि क्लबच्या वार्षिक जेवणात, कुणी आग्रह करो न करो, तो उठून मर्ल हॅदरसेजला कसं वाचवलं ते सांगायचा. दर वर्षी लाटा थोड्या वाढायच्या. मर्ल समोरच्या टेबलावर पुडिंग खात ऐकत असायची आणि शेवटी टाळ्या वाजवायची.

मर्ल नव्वदीच्या पुढे गेली तेव्हा नेव्हिल तिला भेटायला तिच्या घरी गेला. ती ओसरीत समुद्राकडे तोंड करून बसली होती. इतक्या वर्षांत त्यानं तिला एक गोष्ट कधी विचारली नव्हती. म्हाताऱ्या विद्वानाला तपशिलाची हौस असते.

"तेव्हा नेमकं काय झालं होतं? पायात गोळा आला होता की दम लागला होता?"

"कुणाला?"

"तुम्हाला. हात वर केला होता ना तुम्ही."

मर्लनं त्याच्याकडे असं पाहिलं, जसं माणूस पावसात छत्री न उघडणाऱ्याकडे पाहतो. "माझ्या पायाला काय धाड भरली होती? मी किनाऱ्याच्या टोकाला वळसा घालून येत होते. बघते तर तू ओढीत सापडून सरळ न्यूझीलंडला निघालेला. टंकार्डचं लक्ष जावं म्हणून केला हात वर. तर तू माझ्याकडेच यायला लागलास."

नेव्हिलनं विचारलं, "हे आणखी कुणाला माहीत आहे?"

"पेस्ट्री खा," मर्ल म्हणाली.

एका माणसाच्या सांगण्यावर विसंबू नये, दुसरा पुरावा हवा, हे त्यानं जन्मभर विद्यार्थ्यांना शिकवलं होतं. म्हणून तो थेट क्लबवर गेला. इमोजेन तेव्हा तिथली प्रमुख होती आणि नव्या पालकांना वाळूत बसवून धडा देत होती. त्यानं तिला बाजूला घेतलं आणि विचारलं.

"हो, बाबा," ती म्हणाली. "मी फळीवर तुम्हा दोघांच्या मागेच होते. तिचे पाय दिसत होते मला, इंजिनासारखे चालले होते."

"म्हणजे सगळ्यांना माहीत होतं?"

"सगळ्या किनाऱ्याला."

"आणि अकरा वर्षं माझं भाषण ऐकलंत?"

"छान सांगतोस तू."

टंकार्ड निवृत्त होऊन डोंगरावर राहायला गेला होता. नेव्हिलनं त्याला फोन लावला, हॅरोल्डला पर्थला पत्र लिहिलं, त्या चष्मेवाल्या मुलीलाही गाठलं, जी आता डोळ्यांची डॉक्टर आहे. सगळ्यांचं म्हणणं तंतोतंत जुळलं. त्या रविवारी बनालीच्या समुद्रातून एकाच बुडत्या माणसाला बाहेर काढलं होतं, आणि त्याच्या डोक्यावर लाल-पिवळी टोपी होती.